ड्रेक पॅसेजचा तो मेसेज आणि मामांच्या बंद झालेल्या गोळ्या

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर गेला महिनाभर एक मेसेज फिरतोय. ‘अंटार्क्टिकाचं जहाज : टूरवाले कधीच सांगणार नाहीत अशी आठ सत्यं’ असं त्याचं शीर्षक. वर पेंग्विनांचा फोटो, शेवटी ‘जनहितार्थ जारी’ आणि जोडलेले हात. लिहिणाऱ्याचं नाव नाही. आमच्या सुदामानगरच्या ग्रुपवर तो आला, भिशीच्या ग्रुपवर आला आणि तिथून रामबागेत माझ्या मामींच्या फोनवर पोचला. मामा-मामींचं येत्या डिसेंबरचं बुकिंग झालेलं आहे. अर्जेंटिनातल्या उशुआयाहून जहाज, ड्रेक पॅसेज नावाची समुद्राची खिंड ओलांडून अंटार्क्टिक द्वीपकल्प आणि परत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मामा या एका प्रवासासाठी पैसे बाजूला टाकत होते. हा समुद्र मी स्वतः ओलांडलेला आहे, तेव्हा मामींनी मेसेज मला पाठवून ‘खरं का गं हे?’ एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी विचारलं नाही, थेट अमलात आणलं. म्हणून हे लिहितेय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. अंटार्क्टिकावर जायला सामान्य माणसाला आंतरराष्ट्रीय करारानेच बंदी आहे. ड्रेकमध्ये दर मोसमात जहाजं बुडतात आणि बातम्या दाबल्या जातात. तिथे उणे ८९ अंश तापमान असतं, ब्रँडीशिवाय माणूस टिकत नाही. बोट लागू नये म्हणून अन्नपाणी आणि नेहमीच्या गोळ्या बंद कराव्यात. जहाजावर डॉक्टर नसतो, कोणी गेलं तर प्रेत समुद्रात सोडतात. संकटात लष्कराचं हेलिकॉप्टर अर्ध्या तासात फुकट येतं, त्यामुळे विमा ही निव्वळ लूट आहे. पर्यटकांमुळे तिथला बर्फ वितळतोय. आणि साठीनंतर कोणीच, बायकांनी तर मुळीच, तिकडे फिरकू नये.

क्रमाने उत्तरं देत बसत नाही. ज्या मुद्द्याने माणसाच्या जिवावर बेतू शकतं तो आधी घेते. तो चौथा.

तो शब्दशः असा आहे: ‘बोट लागणे हा मनाचा कमकुवतपणा आहे. निघण्याच्या दोन दिवस आधीपासून अन्न व पाणी बंद ठेवावे, रिकाम्या पोटी उलटी होत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या समुद्रात उलट्या परिणाम करतात, त्या पूर्ण बंद कराव्यात. कानामागे पॅच लावावा, त्याचा काहीही साइड इफेक्ट नाही, त्रास जास्त असल्यास दोन लावावेत. घरी एकदा सराव करून बघावा.’

मामींनी सराव करून बघितला. मामांच्या गोळ्या वारांची नावं लिहिलेल्या सात खणांच्या डबीत असतात. रोज सकाळी चहाबरोबर मामी खण उघडून गोळी हातावर ठेवतात आणि मामा न विचारता घेतात. त्या सोमवारी आणि मंगळवारी मामींनी खण उघडलेच नाहीत. मामांना वाटलं डॉक्टरांनी काही बदललं असेल. बुधवारी सकाळी मामांचं डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड, उठले की तोल जातोय. बीपी मोजलं तर वरचा आकडा १८० च्या पुढे. मी पोचले तेव्हा डबी टेबलावरच होती. सोमवार आणि मंगळवारची झाकणं तशीच बंद, आत गोळ्या.

मामांच्या रोजच्या औषधांत एक गोळी बीटा ब्लॉकर जातीची आहे. ही जात अचानक तोडायची नसते, हे कुठलाही डॉक्टर किंवा औषधाच्या दुकानातला जाणता माणूस सांगेल. महिनोन् महिने औषधाने हृदयाचा वेग आवरून धरलेला असतो. औषध एकदम काढलं की नाडी आणि रक्तदाब उसळी मारतात, आणि हृदयाला आधीच त्रास असेल तर झटकाही येऊ शकतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टर हळूहळू डोस कमी करत आणतात. हे रामबागेत घडलं, म्हणून अर्ध्या तासात डॉक्टर मिळाले. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नच्या दक्षिणेला घडलं असतं तर?

यात अर्धं सत्य आहे, तेही नाइलाजाने का होईना सांगायला हवं. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी खूप कमी झालं तर डॉक्टर काही औषधं तात्पुरती थांबवायला सांगतात. लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या, बीपीच्या काही गोळ्या, मधुमेहावरचं मेटफॉर्मिन, अशी काही. पण ती आजारपण सुरू झाल्यावर, ठरावीक औषधांपुरती, आणि कुठली थांबवायची ते तुमचा डॉक्टर ठरवतो. इन्शुलिन तर स्वतःच्या मनाने कधीच तोडायचं नसतं. मेसेज लिहिणाऱ्याने हे कुठेतरी अर्धवट ऐकलं आणि सरसकट सगळ्यांना, धडधाकट असताना, दोन दिवस आधीपासून लागू करून टाकलं. वर पाणीही बंद! म्हणजे जहाजावर पाऊल ठेवण्याआधीच माणूस सुकलेला.

रिकाम्या पोटी उलटी होत नाही, हेही खोटं. रिकाम्या पोटी कोरड्या ओकाऱ्या येतात, पिवळं कडू पित्त पडतं, आणि त्याने माणूस जास्त थकतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण हलतोय, केबिनच्या भिंतीकडे पाहणारे डोळे सांगतात की स्थिर आहोत. या दोन साक्षी जुळत नाहीत म्हणून मळमळतं. मनाच्या बळाचा यात काय संबंध? ब्रिटिश नौदलाचा सेनापती नेल्सन आयुष्यभर बोट लागण्याने बेजार होता. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ बीगल जहाजावर होता आणि त्याला अखेरपर्यंत हा त्रास झाला. त्याच बीगलच्या नावाच्या खाडीतून आजची जहाजं उशुआयाहून ड्रेककडे निघतात.

आता पॅच. त्यात स्कोपोलामाइन नावाचं औषध असतं, आणि ‘साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य त्याच्याबद्दल लिहायला धाडसच पाहिजे. काचबिंदूचा एक प्रकार असतो, त्यात डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याचा कोन चिंचोळा होतो किंवा बंद होतो. त्या रुग्णांना हे औषध चालत नाही, डोळ्यातला दाब एकदम चढू शकतो. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. वयस्कर माणसांना भ्रम होतो, आपण कुठे आहोत ते कळेनासं होतं. पॅच लावलेलं बोट न धुता डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसतं. एका वेळी एकच पॅच लावायचा, निदान चार तास आधी, आणि तो तीन दिवस चालतो. दोन लावणं म्हणजे दुप्पट डोस. आमच्या मामांना काचबिंदूचे थेंब चालू आहेत आणि प्रोस्टेटचाही त्रास आहे. मेसेजवाल्याने त्यांना दोन पॅच सुचवले होते!

खरा उपाय साधा आहे. खुल्या समुद्राला लागायच्या आधी, खाडीच्या शांत पाण्यात असतानाच डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी घ्यायची. मानपूरचा घाट लागायच्या आधी आई आम्हाला एव्होमिन द्यायची, त्यामागेही हेच कारण होतं. मळमळ सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. थोडं थोडं कोरडं खायचं, घोट घोट पाणी प्यायचं, आडवं व्हायचं, जमलं तर क्षितिजाकडे बघायचं. केबिन घेताना खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची घ्यायची, तिथे हेलकावे सगळ्यात कमी. ड्रेक पेटला की जहाजावरची माणसं कठड्यांच्या मागे कागदी पिशव्या खोचून ठेवतात, जेवणाच्या टेबलावरचं कापड ओलं करतात म्हणजे ताटल्या घसरत नाहीत. तिथे सगळे हेच गृहीत धरून चालतात की बऱ्याच जणांना त्रास होणार. कोणी कोणाला कमकुवत म्हणत नाही.

आता जहाजं बुडण्याचा मुद्दा. ड्रेक खवळलेला असतो हे खरं. दक्षिण अमेरिकेचं टोक आणि साउथ शेटलंड बेटं यांच्यामधली ही सुमारे आठशे किलोमीटरची खिंड. त्या अक्षांशावर पृथ्वीभोवती पूर्ण फेरी मारली तरी जमीन लागत नाही, त्यामुळे पश्चिमेचे वारे आणि त्यांच्याबरोबर वाहणारा समुद्रप्रवाह यांना अडवणारं काहीच नाही. अंटार्क्टिकाभोवती फिरणारं ते सगळं पाणी या एका खिंडीतून पार होतं. कधी ते गुळगुळीत मिळतं, कधी दोन दिवस माणूस पलंगाला धरून असतो.

पण ‘दर मोसमात बुडतात, बातम्या दाबतात’? खास पर्यटकांसाठीचं जे जहाज तिकडे खरोखर बुडालं त्याची बातमी जगभर छापून आली. एमएस एक्सप्लोरर, १९६९ साली खास अशाच प्रवासांसाठी बांधलेलं. २३ नोव्हेंबर २००७ ला किंग जॉर्ज बेटाजवळ बर्फाला धडकून त्याला भगदाड पडलं आणि त्याच दिवशी ते तळाला गेलं. ड्रेकमध्ये नाही, पलीकडे, वादळ नसताना. जहाज लायबेरियाच्या झेंड्याखाली नोंदलेलं होतं, म्हणून चौकशी लायबेरियाने केली आणि अहवाल जाहीर केला. हा अहवाल कोणीही वाचू शकतं. त्यात दोष वादळावर टाकलेला नाही. कप्तानाचा अनुभव बाल्टिक समुद्रातला, इथला बर्फ किती कठीण आहे याचा अंदाज त्याला आला नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. जहाजावरचे सगळेच्या सगळे १५४ जण वाचले, कारण समुद्र शांत होता आणि नॉर्डनोर्गे नावाचं नॉर्वेचं जहाज वेळेत पोचलं.

मृत्यू झालेच नाहीत असंही नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये वायकिंग पोलारिस जहाज उशुआयाकडे परतत असताना एक प्रचंड लाट आदळली, केबिनच्या काचा फुटल्या आणि एका प्रवासी बाईंचा जीव गेला. ही बातमीही लपलेली नाही, त्याच आठवड्यात आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही होती. म्हणूनच मला या मेसेजचा संताप येतो. खरा धोका सांगायला जागा होती आणि यांनी खोटा सांगितला. खवळलेल्या ड्रेकमध्ये वयस्कर माणसाला जास्त भीती कसली असेल तर पडण्याची. पायऱ्यांवरून, न्हाणीघरात, किंवा जड दार हेलकाव्याबरोबर आपटतं तेव्हा चौकटीत बोटं सापडण्याची. एक हात कायम कठड्यावर, हे जहाजावर चढल्या क्षणापासून शिकवतात. खुबा मोडला तर पुढे काय, हा प्रश्न बुडण्यापेक्षा कितीतरी जवळचा आहे.

आणि तिथेच सहावा मुद्दा येतो, हेलिकॉप्टरचा. याची चीड मला चौथ्याच्या खालोखाल आहे, कारण मामा खरोखरच विमा रद्द करून पैसे वाचवायच्या विचारात होते. जागतिक नौवहन संघटनेचा ‘पोलर कोड’ १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. ध्रुवीय समुद्रात जाणाऱ्या जहाजावरची जीवरक्षक सामग्री किती दिवस पुरली पाहिजे हे त्यात ठरवलंय. मदत पोचायला लागणारा जास्तीत जास्त काळ धरून ती सामग्री ठेवायची, आणि तो काळ कोणत्याही परिस्थितीत पाच दिवसांपेक्षा कमी धरायचा नाही. पाच दिवस! ज्यांनी नियम लिहिले ते पाच दिवसांची तयारी ठेवा म्हणतात आणि हा मेसेज अर्धा तास म्हणतो.

प्रत्यक्षात काय होतं? माणूस गंभीर झाला तर जहाज सहसा किंग जॉर्ज बेटाकडे वळतं. तिथे चिलीच्या तळाजवळ धावपट्टी आहे. हवा उघडली तर विमान येतं आणि चिलीतल्या पुंता आरेनास शहरात नेतं. धुकं असेल तर थांबायचं. खर्च हजारो डॉलरांत जातो आणि तो उचलायला कोणतंही लष्कर उभं नाही. म्हणूनच बहुतेक कंपन्या हा खर्च भागवणारा विमा असल्याशिवाय चढू देत नाहीत. मामांना मी एवढंच सांगितलं: हॉटेल हलकं घ्या, खरेदी करू नका, पण विम्याला हात लावायचा नाही. आणि त्यात आधीपासूनचे आजार लिहिलेत का ते तपासा. बीपी लपवलं तर दावा नाकारतात.

डॉक्टर नसतो आणि प्रेत समुद्रात टाकतात, हे वाचून तर मामी रात्रभर झोपल्या नाहीत. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आणि तीन दिवसांहून लांब आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या जहाजावर डॉक्टर असलाच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराचा नियम आहे. त्याहून लहान जहाज असेल तर कंपनीला विचारून घ्यावं. शस्त्रक्रियेची सोय मात्र धरू नये, तो दवाखाना आहे, मोठं हॉस्पिटल नाही. देह शीतगृहात ठेवून बंदरावर आणतात आणि घरच्यांच्या स्वाधीन करतात. विषय संपला.

बंदीचा मुद्दा. अंटार्क्टिक करार १ डिसेंबर १९५९ ला वॉशिंग्टनमध्ये बारा देशांनी केला, १९६१ मध्ये लागू झाला, भारत १९८३ मध्ये त्यात आला. त्यात लष्करी हालचालींना आणि अणुस्फोटांना बंदी आहे, पुढे १९९१ च्या माद्रिद पुरवणी कराराने खाणकामाला बंदी आली. पर्यटनाला नाही. आता एका मोसमात एक लाखाहून जास्त पर्यटक तिकडे जातात. परवानगी लागते हे मात्र खरं. आपल्याच २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्यानुसार परवान्याशिवाय किंवा करारातल्या दुसऱ्या देशाच्या लेखी परवानगीशिवाय तिथे जाता येत नाही. जहाजाच्या प्रवासात ही परवानगी कंपनी आपल्या देशाकडून काढते. बुकिंग करताना ‘कुठल्या देशाची परवानगी आहे?’ हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

उणे ८९ हा आकडा खरा, उणे ८९.२, पण तो वोस्तोक तळावरचा, २१ जुलै १९८३ चा, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातला. हा तळ किनाऱ्यापासून हजाराहून जास्त किलोमीटर आत, साडेतीन हजार मीटर उंच बर्फावर आहे. तिथे जहाज जातच नाही. जहाजं नोव्हेंबर ते मार्च चालतात, आणि द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर तेव्हा तापमान शून्याच्या आसपास असतं. वाऱ्याने ते जास्त झोंबतं, थरांवर थर कपडे घातले की निभतं. ब्रँडीने त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरतात, ऊब वाटते आणि प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर जाते. झोपेच्या किंवा मळमळीच्या गोळीबरोबर घेतली तर गुंगी वाढते, आणि हलत्या जहाजावर गुंगी म्हणजे पुन्हा तेच, खुबा.

पर्यटकांमुळे बर्फ वितळतो, या मुद्द्यावर मी मेसेजला पूर्ण खोटं म्हणू शकत नाही. आवडत नाही, पण म्हणू शकत नाही. २०२२ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात पर्यटक उतरतात त्या जागांजवळच्या आणि संशोधन तळांजवळच्या बर्फात काजळी जास्त सापडली. काजळीने बर्फ काळवंडतो, ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो. अख्खा खंड वितळतोय त्याचं मूळ कारण जगभर जळणारा कोळसा आणि तेल हेच. तरी उतरण्याच्या जागी आपला वाटा शून्य नाही. नियम कडक आहेत: पाचशेहून जास्त प्रवाशांच्या जहाजातून कोणाला उतरवायचं नाही, एका जागी एका वेळी शंभरच जण, पेंग्विनपासून पाच मीटर दूर, आणि २०११ पासून जड इंधन तेलाला त्या पाण्यात बंदी. उतरण्याआधी बुटांचे तळवे ब्रशने घासून जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये बुडवावे लागतात, पिशवीच्या वेल्क्रोत अडकलेली कुसळं चिमट्याने काढावी लागतात. बर्ड फ्लू तिकडे पोचल्यापासून बर्फावर बसायलाही मनाई आहे. ज्याला एवढं करूनही जाणं पटत नाही त्याने जाऊ नये, ती भूमिका मला मान्य आहे. पण ती घ्यायची तर पर्यावरणाच्या नावाने घ्या, प्रेतं समुद्रात टाकतात म्हणून नको.

राहिला शेवटचा, बायका आणि साठीचा. नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता १९८३ च्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेल्या, तिथे काम करून आल्या. चाळीस वर्षं होऊन गेली त्याला. यापुढे त्यावर काय बोलायचं?

वयाचं म्हणाल तर या जहाजांवर निवृत्त माणसं भरपूर असतात. साठी ओलांडली की नाही यापेक्षा गुडघा काय म्हणतो ते महत्त्वाचं. जहाजातून थेट किनाऱ्यावर पाऊल पडत नाही. बाजूला लावलेल्या अरुंद जिन्याने खाली यायचं, समोर रबरी बोट वरखाली होत असते, आणि खलाशी म्हणेल त्या क्षणी तिच्यात पाय टाकायचा. हातात हात द्यायचा नसतो. एकमेकांच्या हाताचा मनगटाच्या वरचा भाग पकडायचा, म्हणजे ओला हातमोजा निसटला तरी पकड सुटत नाही. हे पाऊल ज्याला घेता येतं त्याला बाकीचं जमतं. मामींचा उजवा गुडघा दुखतो. त्यांना मी कंपनीला दोन प्रश्न लिहून विचारायला सांगितलंय: जिन्याला किती पायऱ्या आहेत, आणि उतरता आलं नाही तर रबरी बोटीतूनच किनाऱ्यालगत फिरवतात का. मामांच्या पॅचचा निर्णय डोळ्यांचे डॉक्टर पुढच्या तपासणीला देतील. तोवर डबी माझ्या सांगण्यावरून मामांच्याच ताब्यात आहे.